औषधाच्या दुकानासमोरची फरशी

किल्लीवाल्यानं आपली पेटी उचलून औषधाच्या दुकानासमोर मांडली, तेव्हा लोकांना वाटलं, माणूस धंद्यासाठी जागा बदलतोय. पण तो बसला होता एका फरशीपाशी. फुटपाथवरच्या त्याच फरशीला अडखळून त्याची बायको पडली होती. डोकं दुकानाच्या पायरीवर आपटलं. दवाखान्यात नेल्यावर ती एवढंच बोलली, "मला चक्कर नाही हो आली. फरशीनं पाय धरला." त्यानंतर ती बोललीच नाही.

पालिकेचं म्हणणं वेगळं होतं. बाईंना रक्तदाबाचा त्रास, गोळ्या संपलेल्या, चक्कर येऊन पडल्या. यात फरशीचा काय दोष? म्हणून किल्लीवाल्यानं दावा लावला. भरपाई मिळाली काय, न मिळाली काय, त्याला पैशाशी घेणंदेणं नव्हतं. घरात आता त्याची एकुलती मुलगी तेवढी उरली होती. गोळ्या आणायचं काम तिचं होतं. "उद्या आणते गं," म्हणून ती कामावर गेली, आणि आई स्वतःच निघाली. तेव्हापासून मुलगी जेवायला बसायची आणि दोन घासांत ताटावरून उठायची.

"फरशीमुळं पडली ती," तो सांगायचा.

"तुम्ही माझी समजूत घालताय, बाबा. चक्करच आली असणार."

बापाचं ती ऐकत नव्हती. कोर्टाचं तरी ऐकेल, या एका आशेवर त्याचे दिवस चालले होते.

फरशी मोठी वस्ताद होती. हातानं दाबा, वर उभे राहा, हूं की चूं करायची नाही. जपून पाय ठेवला तरी गप्प. पण आपल्याच तंद्रीत चालणाऱ्याचा भार अलीकडच्या कडेवर पडला, की ती कड खाली जायची आणि पलीकडची वर यायची, नेमकी पुढच्या पावलाला आडवी.

पाहणी होईपर्यंत फरशीला कोणी हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला. पुरावा जपायचा म्हणून त्याच्याच वकीलबाईंनी तो मागितला होता. पण फरशी तशीच राहणार म्हटल्यावर उद्या आणखी कोणाची बायको पडेल, ही धास्ती त्याला झोपू देईना. म्हणून तो तिथं येऊन बसला. हातात कानस, नजर येणाऱ्या पावलांवर. "सांभाळून, आजी." "कडेनं, ताई."

समोरचा चष्मेवाला थट्टा करायचा, "अहो, त्या फरशीला कुलूप लावून टाका की एकदाचं."

"तुम्ही सगळ्यांना फुकट चष्मे वाटा, मग मी उठतो."

एके दिवशी वकीलबाई आल्या त्या वैतागूनच. "काका, काय करून ठेवलंय हे? पालिकेचा वकील म्हणतो, एवढी वर्दळ आहे, पण तुमच्या मंडळींनंतर एक माणूस पडलेला नाही."

"मी पडू देत नाही ना."

"तेच म्हणते मी. उठा इथून."

"मग कोणीतरी पडेल, बाई."

वकीलबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "निदान पाहणीच्या दिवशी तरी तोंडात गुळणी धरून बसा. कोर्टाच्या साहेबांना फरशी कुठली ते मी सांगणार नाही. ते आपले दुकानातून चालत येतील. नुसते अडखळले तरी आपलं काम झालं. मी शेजारीच असेन, धरीन त्यांना."

तो हो म्हणाला.

पाहणीच्या दिवशी त्यानं एक कोरी किल्ली दातांत घट्ट धरली. तोंड उघडायचंच नाही. मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथं आली आणि दुकानाच्या दाराशी अंग चोरून उभी राहिली. कोर्टाचे साहेब उतारवयाचे होते. बगलेत फाईल, चष्मा कपाळावर. पालिकेच्या वकिलाशी बोलत ते पायरी उतरले. पावलं सरळ फरशीकडंच येत होती. वकीलबाईंनी हात पुढं केला, पण मध्ये पालिकेचा वकील आला. साहेबांच्या शेजारी तीच पायरी होती, तिची तीच कड.

किल्ली खाली पडून वाजली.

"सांभाळून, साहेब."

साहेबांचा पाय जागच्या जागी थांबला. "ही का ती?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, हळूच पाय ठेवला. पुन्हा ठेवला. वर उभे राहिले. फरशी गप्प.

पालिकेचा वकील हसला. "सुंठीवाचून खोकला गेला. लिहून घ्या साहेब, फरशी हलत नाही."

"साहेब, खाली न बघता चालून पाहा एकदा," वकीलबाई म्हणाल्या.

"आता न बघता कसं चालू, बाई?" साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी लिहिलं, सही केली आणि पालिकेच्या वकिलासोबत रस्त्यापलीकडं उभ्या गाडीकडं निघाले.

मुलगी दारातूनच बोलली, "कशाला बोललात, बाबा?"

"पायरी होती गं जवळ. डोकं आपटलं असतं त्यांचं."

"आता चक्कर आली असंच लिहितील. कोर्टाच्या शिक्क्यानं लिहितील. मग मी काय करू?"

पलीकडं गाडीचं दार लागलं. "साहेब, थांबा," म्हणत मुलगी धावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खाली कोण बघतो? फरशीचा खट्ट आवाज झाला आणि ती दोन्ही हातांवर आदळली. तो पेटी ओलांडून पोचला, तेव्हा गाडी वळणाआड गेली होती. वकीलबाई हात हलवत मागं धावल्या आणि कोपऱ्यावर नुसत्याच उभ्या राहिल्या.

मुलीचे तळवे सोलवटले होते. फरशी पुन्हा सपाट, काही घडलंच नाही अशी. मुलगी तिच्याकडं बघत राहिली.

"पाय धरला, बाबा," ती म्हणाली. "आई म्हणाली होती तसाच."

मग ती मोठ्यानं रडली. आई गेल्यावरही अशी रडली नव्हती. तो तिच्या तळहातातली खडी एकेक करून काढत होता. फरशीनं पाय धरला हे सांगायला आता बापलेक दोघंच होते, आणि घरच्याच माणसांचं कोर्ट ऐकणार नव्हतं. समोरून पिशव्या घेतलेली एक बाई येत होती. त्यानं मुलीचा हात न सोडताच मान वर केली.

"कडेनं, ताई," तो म्हणाला.