सतराव्या सामन्यापासून

त्या घरात मास्तर नेहमी फळीकडे पाठ करून बसायचे. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं, असं कारण सांगायचे. खरं कारण फळीवर होतं. तिथे प्लास्टरचा एक चेहरा ठेवलेला होता: मिटलेले डोळे, रुंद कपाळ, दोनदा मोडून डावीकडे कललेलं नाक. चेहऱ्याचा मालक कारखान्यात साचे करायचा आणि रविवारी आइस हॉकीच्या क्लबसाठी गोलकीपर म्हणून उभा राहायचा. सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्याच तोंडाचा साचा घेऊन हे प्लास्टर ओतलं आणि त्याच्या मापाने फायबरचा मुखवटा घडवला. त्या हंगामातल्या अठराव्या सामन्यात तो मुखवट्याशिवाय, उघड्या तोंडाने उभा होता. खेळातली टणक रबरी चकती कानशिलावर बसली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मास्तर त्याचे प्रशिक्षक होते.

तेव्हा चार वर्षांची असलेली त्याची मुलगी आता पन्नाशीची झाली होती. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. मास्तरांना मागे-पुढे कोणी नव्हतं. सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण तिच्याकडे, त्याच फळीच्या घरात, औषधांच्या गोळ्या तिने लावून दिलेल्या डबीतून. दाराशेजारच्या खिळ्याला मास्तरांच्या खोलीची दुसरी चावी टांगलेली असे. "सकाळी नवापर्यंत आला नाहीत, तर मी येऊन दार उघडणार," असं तिने बजावून ठेवलं होतं. रात्री छातीत कळ आली की मास्तर त्या खिळ्याची आठवण काढायचे आणि त्यांना झोप लागायची.

दरवर्षी हंगामाच्या आदल्या रविवारी दुपारी तिच्याकडे ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडायचा डाव, भरायचा. क्लबच्या साठ वर्षांतल्या गोलकीपरांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, आळीपाळीने एकेक उचलायची आणि कागदावरच्या आपापल्या संघात घालायची. खेळणारे तिघं: ती, तिचा बसड्रायव्हर नवरा आणि मास्तर. तिच्या वडिलांची चिठ्ठी मात्र टेबलावर कधीच यायची नाही. "हौसेपायी मेलेला माणूस मला माझ्या संघात नको आणि तुमच्याही नको," असं तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

"तुमच्या काळातले कीपर म्हणजे स्टॉपवरचे खांब हो, मास्तर," नवऱ्याने चहा ओतता ओतता सुरुवात केली. "उभे आपले. गाडी आली काय, गेली काय. आताची पोरं बघा, गुडघ्यावर बसून खालची सगळी बाजू बंद करून टाकतात."

"उघड्या तोंडाने बसून बघा गुडघ्यावर, ड्रायव्हरसाहेब. मग चकती घोट्याशी येते की दातांशी, ते सांगा. दात उरले तर."

"म्हणजे घाबरत होते, असंच ना?"

"घाबरत होते म्हणूनच डोळा जागा होता," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात आयुष्यभर बसलेलं होतं. आज ते बाहेर पडलं आणि त्यांना एकदम तहान लागली.

"भांडू नका," आतून एक जाड वही घेऊन येत ती म्हणाली. "या वर्षी मी सोय केली आहे. जुन्याला नव्याशी तोलायचंच नाही. ज्याला त्याला त्याच्याच हंगामाच्या सरासरीशी ताडायचं. त्या वर्षी सगळे शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी चकत्या अडवत असतील आणि एखादा नव्वद अडवत असेल, तर तो दोनने वर. मग खांब असो की बेडूक."

"बेडूक कुणाला म्हणालीस गं?"

"अहो, ऐका तरी."

दोन महिने ती क्लबात जाऊन जुन्या नोंदवह्या उतरवून घेत होती. तिने वही उघडून मास्तरांपुढे सरकवली. पानावर नाव नव्हतं, नुसती साल होती. ती साल त्यांना लांबूनही ओळखता आली असती.

"यांना तू घेत नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"घेत नाही. पण सरासरी काढायची तर सगळ्यांचेच आकडे लागतात. बघा. पहिले दहा सामने, सत्याऐंशी, एकोणनव्वद, चारचौघांसारखे. अकराव्यापासून सोळाव्यापर्यंत चौऱ्याण्णव, पंचाण्णव. साठ वर्षांत कोणी इतका वर गेलेला नाही, मास्तरकाका. आणि सतराव्यात एकदम ऐंशी. अठरावा अर्धाच."

नवऱ्याने शीळ घातली, मग बायकोच्या तोंडाकडे बघून ती मध्येच तोडली.

"एखाद्याच्या रक्ताचा रिपोर्ट असा उड्या मारत आला," ती म्हणाली, "की आम्ही एवढंच विचारतो, औषध कधी सुरू झालं आणि कधी बंद झालं. अकराव्या सामन्याला बाबांनी मुखवटा घातला, हो ना?"

"हो."

"मग ते निर्धास्त गुडघ्यावर बसायला लागले. आपल्याला काय जमतंय, ते त्यांना कळत असणारच. साचे करणारा माणूस, केसाएवढा फरक बोटाला लागायचा. त्यांनी तो स्वतःहून काढला?"

मास्तरांनी कप उचलला. तो रिकामा होता.

"तुम्ही आईला सांगितलंत, लोक 'तोंडलपव्या' म्हणून चिडवतात, म्हणून त्यानेच काढून फेकला. आईने मरेपर्यंत हा चेहरा भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणायची, लोकांच्या टाळ्यांसाठी आपल्याला वाऱ्यावर सोडून गेला. मी तेच मानत आले."

खोटं बोलणं अवघड नव्हतं. म्हाताऱ्याला आठवत नाही म्हटलं की संपलं असतं. या वयात ते खपतं. उद्या दुपारी ताट वाढलेलं असतं, चावी खिळ्याला असती. मास्तरांनी तोंड उघडलं ते हेच म्हणायला.

"मी लपवला," ते म्हणाले.

बाहेरच्या रस्त्यावर कोणी तरी स्कूटर चालू करत होतं. तीन-चार किका झाल्या तरी ती चालू होईना.

"मला वाटायचं, भीती गेली की कीपर सुस्तावतो. आकडे कोण बघत होतं तेव्हा! लोक हसत होते ते मला ऐकू यायचं. सतराव्याच्या आधी मी तो माझ्या कपाटात ठेवला आणि सापडत नाही म्हणालो. एक-दोन सामने उघडा खेळू दे, मग देऊ, असं मनात होतं. अठराव्याच्या दिवशी पट्टे आवळताना त्याने पुन्हा विचारलं, 'मास्तर, सापडला का हो?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

तिने वही मिटली. आवाज चढवला नाही. "कुठंय तो?"

"तिथंच. कपाटात."

"घेऊन या."

नवरा उठत होता. "मी आणतो. त्यांना तीन जिने—"

"त्यांनीच आणायचा."

मास्तर दोन गल्ल्या चालत गेले, आपल्या खोलीचे तीन जिने चढले, तीन उतरले आणि कापडी पिशवी घेऊन परत आले. ती दारातच उभी होती. तिने पिशवी घेतली, मुखवटा बाहेर काढून उलटा केला. आतल्या फोमचा जुनाट रबरासारखा चुरा झाला होता, तो जमिनीवर सांडला. ती फळीपाशी गेली. या दुपारी पहिल्यांदाच मास्तर त्या चेहऱ्यासमोर उभे होते. तिने मुखवटा प्लास्टरवर ठेवला. कललेल्या नाकापाशी क्षणभर अडला, मग बसला. कुठे बोटभरही जागा राहिली नाही.

"दोनदा विचारलं त्यांनी," ती म्हणाली.

"दोनदा."

ती दारापाशी आली. खिळ्यावरची चावी काढून तिने मास्तरांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली, हळूच, रक्त काढून झाल्यावर पेशंटचा हात मिटवतात तशी.

"अगं," नवरा म्हणाला. "त्यांची छाती—"

"चिठ्ठी लिहा," ती वळून त्याला म्हणाली. "पहिली निवड माझी. बाबा."

मास्तर जिना उतरायला लागले. दोन्ही चाव्या आता एकाच खिशात होत्या आणि दर पायरीला एकमेकींवर आपटत होत्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी थांबून त्या मुठीत घट्ट धरल्या.