कोकोबोलोला झटपट गोंद चालत नाही

"ओडिलीची चूक मनावर घेऊ नका," माझा चुलतभाऊ विल्बर्थ माइकवर म्हणाला. "तिची आई दवाखान्यात आहे. बिचारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

शाळेच्या अंगणात दीडदोनशे माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर रोस्कियांची पिशवी होती, मक्याच्या कडक कड्यांची. ती मी तिथूनच त्याच्या तोंडावर फेकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या निकोया गावातल्या या शाळेच्या फाटकापाशी कोकोबोलोचं मोठं झाड होतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या सावलीत मार खाल्लेला. ऑक्टोबरच्या वादळात ते मुळासकट पडलं. शाळेला पंचाहत्तर वर्षं व्हायची होती, म्हणून ठरलं की त्याच लाकडाची पेनं करायची आणि ज्यांनी तिथे शिकवलं, स्वयंपाक केला, झाडू मारला अशा हयात माणसांना एकेक द्यायचं. अशी माणसं निघाली सव्वीस. लाकूड दीड वर्ष वाळवलं. चिरा आणि कीड काढून टाकल्यावर सव्वीस पेनांपुरतंच उरलं.

काम आमच्या कारागीर संघाकडे आलं. विल्बर्थ संघाचा अध्यक्ष. पेनं कातते मी. लेथ माझ्या वडिलांचा, संघाच्या शेडमध्ये ठेवलेला.

लाकडाच्या पेनाचा जीव आतल्या पितळी नळीत असतो. लाकडाला भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, मग बाहेरून कातायचं. शेवटी लाकूड कागदाच्या पुठ्ठ्याइतकं पातळ उरतं आणि त्याला आधार फक्त नळीचा. त्यात कोकोबोलो म्हणजे तेलकट लाकूड. कातताना बोटं नारिंगी होतात. असल्या लाकडाला गोंद सहज धरत नाही. आधी भोक अ‍ॅसिटोनने पुसून काढावं लागतं. नळी काचपेपरने खरवडून तिची चकाकी घालवावी लागते. आणि गोंद लागतो तो दोन ट्यूबांतून समान पिळून कालवायचा एपॉक्सी, जो एक अख्खा दिवस घेतो. झटपट गोंद दहा सेकंदांत धरतो खरा, पण तेलावर धरतो आणि काचेसारखा ठिसूळ राहतो. जरा दणका बसला की सुटला.

हे सगळं मी विल्बर्थला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. समारंभाच्या दहा दिवस आधी आईच्या छातीत दुखायला लागलं आणि मला तिच्यापाशी राहावं लागलं, तेव्हा निघतानाही सांगितलं.

"मी येईपर्यंत नळ्यांना हात लावू नकोस."

"नळी चिकटवायला काय डॉक्टरकी लागते?"

"विल्बर्थ, हात लावू नकोस."

"बरं बाई, नाही लावत. जा तू. काकूकडे बघ."

पाच दिवसांनी आले, तर सगळ्या नळ्या चिकटवून तयार. विल्बर्थ कॉफी पीत बसला होता. "बघ राणी, तुझं काम हलकं केलं."

"गोंद कुठला वापरलास?"

"तुझाच गं. दोन ट्यूबांचा."

आता माझी चूक सांगते, कारण ती आहे. दोन तुकड्यांच्या तोंडाशी मला पांढरट धुरकट कडा दिसली होती. एपॉक्सी असा पांढरा पडत नाही. झटपट गोंद पडतो. ते पाहूनही मी गप्प बसले. पाच दिवस खुर्चीत झोपले होते आणि समारंभ पाचच दिवसांवर आला होता. मी स्वतःला सांगितलं, लाकडाचा भुसा असेल. आणि लेथ सुरू केला. पेनं देखणी झाली. लाल, काळी, मध्येच मधासारखी रेघ. प्रत्येकावर मी माझी खूण डागली.

समारंभात पहिलं पेन एर्मिदाबाईंना दिलं. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. मला, विल्बर्थला, अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं शिकवली. शाळेच्या वहीत पहिली सही त्यांची व्हायची होती. टोक बाहेर काढायला त्यांनी पेन फिरवलं, तर लाकूडच फिरलं आणि नळी जागच्या जागी राहिली. त्यांनी जोर लावला. खालचा अर्धा भाग टपकन वहीवर पडला, तिथून घरंगळत जमिनीवर. लोक हसले. बाईही हसल्या. मग स्वयंपाकघरातल्या दोन्या सिरियाने, दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाई', आपलं पेन उघडलं, आणि ते तिच्या हातात उभं चिरलं. मग कोणी हसलं नाही.

आणि तेव्हा विल्बर्थने माइक घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये जाऊन ते चिरलेलं पेन व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरलं आणि बारीक करवतीने उभं कापलं. आत नळी आरशासारखी चकचकीत. काचपेपरचा एक ओरखडा नाही. गोंदाचे चारपाच पांढरे ठिपके, बाकी सगळी पोकळी. वरच्या टोकाला नळी हातोडीने ठोकून चेपलेली, म्हणजे अर्ध्यात अडकली आणि विल्बर्थने ती ठोकून आत घातली. कचऱ्याच्या पिंपात झटपट गोंदाच्या सात रिकाम्या बाटल्या होत्या. त्याने त्या लपवायचेही कष्ट घेतले नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नऊ वाजता संघातले सगळे कॉफीला जमले. विल्बर्थसमोर मी ते दोन अर्धे तुकडे ठेवले.

"हा माझा गोंद?"

त्याने पाहिलं, कप खाली ठेवला. "अगं, एपॉक्सी सुकायला वेळ लागतो. तुझ्यासाठीच घाई केली."

"आणि माइकवर काय बोललास?"

"तुला वाचवायलाच बोललो ना! आई आजारी म्हटल्यावर लोक समजून घेतात. कोणी तुला नावं ठेवली का?"

"माझ्या आईला कॉटवर पडल्या पडल्या नर्सने येऊन सांगितलं की तुमच्यामुळे मुलीचं काम बिघडलं. ती रात्रभर रडली, माहितीय तुला?"

त्याने कप पुन्हा उचलला. भोपळ्यांवर कोरीव काम करणारी निदिया मध्येच म्हणाली, "जाऊ दे ना ओडिली. घरातलीच माणसं. किती ताणायचं?"

"तुझ्या भोपळ्यावर त्याने लाथ मारली असती आणि सांगितलं असतं निदिया प्यायली होती, तर दिलं असतंस जाऊ?"

निदिया कपात बघत राहिली. बाकीचेही. विल्बर्थपेक्षा त्यांचाच मला जास्त राग आला. मी पाना घेतला आणि लेथचे बोल्ट काढायला बसले.

"हे काय चाललंय?" विल्बर्थ म्हणाला.

"बापाचा लेथ घरी नेतेय."

"आणि आमच्या ऑर्डरी?"

"नळी चिकटवायला डॉक्टरकी लागत नाही, तर कातायला कशाला लागेल? कात तू."

शेजाऱ्याच्या बैलगाडीवर लेथ घातला आणि घरामागच्या पडवीत मांडला. मग सायकलवरून गावभर फिरले. प्रत्येक दारात जाऊन तेच वाक्य: पेन द्या, दुरुस्त करून आणते. काही जण म्हणाले, "आई कशी आहे? तुझं तरी काय चुकलं, मन थाऱ्यावर नसतं माणसाचं." ही दया मला शिवीपेक्षा झोंबत होती. मी दात आवळून पुढच्या दाराकडे जायची.

एकेका पेनाच्या नळ्या ढकलून काढल्या. ज्या निघेनात त्या अ‍ॅसिटोनमध्ये भिजवल्या. चेपलेल्या फेकून नव्या घेतल्या. खरवडलं, पुसलं, एपॉक्सी कालवला, नळी फिरवत फिरवत आत सरकवली म्हणजे गोंद सगळीकडे पोचतो. दिवसभर हात लावला नाही. मग परत पॉलिश. सव्वीसपैकी बावीस वाचली. चार गेली, आणि त्या झाडाचं लाकूड आता कुठेच नाही. दोन्या सिरियाला रिकाम्या हाताने सांगायला गेले, तेव्हा मला विल्बर्थचा गळा धरावासा वाटला.

एर्मिदाबाईंनी पेन फिरवून पाहिलं, कागदावर नाव लिहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

"तेव्हा मला खात्री नव्हती, बाई."

"आता आहे?"

मी सगळं सांगितलं. पांढऱ्या कडेचंही. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कडेचं तुझं चुकलं. खोटं बोलणं त्याचं. दोन्ही वेगळी ठेव."

रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी पेनवाल्या सगळ्यांना आपल्या अंगणात बोलावलं. विल्बर्थलाही निरोप गेला. बाईंचा निरोप न मानणारा माणूस आमच्या गावात जन्माला आलेला नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस टोपी हातात धरून पायरीपाशी उभा राहिला.

"नळ्या मी चिकटवल्या होत्या," तो पुटपुटला.

"मोठ्याने, विल्बर्थ," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"नळ्या मी चिकटवल्या! चुकीच्या गोंदाने! ओडिलीने नको म्हणून सांगितलं होतं!"

"आणि तिच्या आईमुळे काम बिघडलं, ते?"

"ते... मी बनवून सांगितलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्या सिरिया उठून माझ्या शेजारी येऊन बसली, एवढंच.

जाताना तो फाटकापाशी माझ्याजवळ थांबला. कान लाल झाले होते. "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

तो उभाच राहिला, मी अजून काही बोलेन म्हणून. मी सायकल काढली. आई आता घरी आहे, आणि ती रोज म्हणते, सोड आता, त्याने कबूल केलं ना. तिने सोडलं असेल. मी पडवीत काम करते, त्याचा ट्रक रस्त्याने जातो, तो हॉर्न वाजवतो, आणि मी लेथवरून मान वर करत नाही.