क्लेटसचा वाटा

आमच्या सावो बेटावर पाखरं जगतात ती आमच्या मेलेल्यांच्या जिवावर, असं बार्नाबास मामा म्हणतो. मामाचं बोलणं बहुतेक वेळा खरं निघतं, म्हणूनच मला त्याचा राग येतो.

पाखरं म्हणजे वाळूकोंबड्या. झुंजुमुंजू झालं की डोंगरातल्या रानातून खाली उतरतात, किनाऱ्याच्या गरम वाळूत हातभर खोल बीळ उकरतात, आत एक भलंमोठं अंडं घालतात, वरून वाळू लोटतात आणि चालू लागतात. पुन्हा ढुंकून बघत नाहीत. ऊब द्यायचं काम डोंगराच्या पोटातल्या आगीकडे. पाखरं उडाली की आम्ही आपापल्या कुंपणात शिरतो आणि कुशीवर पडून, बगलेपर्यंत हात घालून अंडी काढतो. वाळूचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या आईकडून आलेला. आमचा तुकडा माझ्या आईचा, तिच्यामागे माझा आणि धाकट्या भावाचा, क्लेटसचा. मधे एक ओंडका आडवा टाकलेला. ओंडक्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

आता सगळ्यांनीच रोज अंडी काढली तर पाखरं उरायची कशी? म्हणून माणूस मेलं की त्याच्या वाळूवर पान बांधायचं. चारी कोपऱ्यांच्या खुंटांना झावळीची गाठ मारली की वर्षाचं जेवण होईपर्यंत तिथं कुणी हात घालायचा नाही, कुत्रंसुद्धा शिरू द्यायचं नाही. तेवढ्या काळात तिथली अंडी फुटतात, पिल्लं रानात जातात. पूर्वी गावात कुणी ना कुणी मरतच असे, त्यामुळे कुठला ना कुठला तुकडा विसाव्याला असे. आता माणसं मरायलासुद्धा बोटीने शहरात, होनियाराला जातात. तिकडच्या दवाखान्यात जीव सोडतात, तिकडेच त्यांना पुरतात, आणि इकडे त्यांचे भाचे खुशाल उकरत बसतात. पाखरं कमी झाली हे सांगायला मामाची गरज नाही. माझ्या लहानपणी पहाटे वाळू अशी उडायची की तोंड उघडलं तर दात कचकचायचे. आता तोंड वासून बसलं तरी कणभर जात नाही.

तर क्लेटस. एका सकाळी तो अंड्यांच्या टोपल्या घेऊन एकटाच बोटीने होनियाराच्या बाजाराला गेला. समुद्र शांत होता. इंजिन तेवढं म्हातारं होतं. बाजारात तो पोहोचलाच नाही. सगळ्या गावाने बोटी काढल्या, पोलिसांची बोट आली, विमान एकदा घिरटी घालून गेलं. फळकूटसुद्धा सापडलं नाही.

फळकूट सापडलं नाही म्हणजे बोट फुटली नाही, असं मी म्हटलं. यात काय चूक होतं? आमच्याकडे माणसं वाहून जातात आणि परत येतात. पलीकडच्या वाडीचा एकजण वाहत वाहत न्यू गिनीच्या किनाऱ्याला लागला होता. पावसाचं पाणी पिऊन आणि कच्चे मासे खाऊन राहिला. हाडांचा सापळा झाला होता, पण आला, आणि आता पोट सुटलंय त्याचं.

समुद्रावर गेलेल्याचा वाटा वाळूतच राहतो, हा आमचा दुसरा रिवाज. घरच्यांनी त्याच्या बाजूची अंडी काढायची, पण रोज एक बीळ तसंच सोडायचं आणि त्यावर काटकी रोवायची. तो आला की काटक्या उपटतो, आपल्या हाताने आपली अंडी काढतो, आणि त्या दिवशी सगळ्या घराला मेजवानी. मासेमारीला गेलेला माणूस आठ दिवसांत येतो, फार तर पंधरा. मी क्लेटसच्या बाजूला पहिल्याच दिवशी काटकी रोवली. दुसऱ्या दिवशी दुसरी. पाऊस असो, ताप असो, माझा नेम चुकला नाही. पुढे पुढे तर मी त्या काटक्यांशी बोलायचे. "हे बघ, आजचं मोठं आहे हं. आल्यावर हावरटासारखं एकदम खाऊ नकोस."

शेजारच्या कुंपणातला हडसन एकदा म्हणाला, "सबीनाताई, तुझ्या शेतात अंड्यांपेक्षा काटक्याच जास्त झाल्या की! आता त्याच शिजव."

"तुझ्या डोक्यात अकलेपेक्षा उवा जास्त आहेत, त्या शिजवून आधी तुला वाढते," मी म्हटलं.

माझा खरा राग होता तो ज्युडितावर. ज्युडिता क्लेटसची बायको, मलैता बेटावरची. मूलबाळ नव्हतं. माणूस बरा आहे की वाईट हे कळायलासुद्धा त्याने चार शब्द बोलावे लागतात, आणि हिच्या तोंडून दिवसाकाठी दोनसुद्धा निघत नसत. शोध थांबला त्याच रविवारी ती प्रार्थनेला काळे कपडे घालून आली. डोळ्यांत टिपूस नाही. मी चर्चच्या दारातच तिला धरलं.

"कोण मेलं तुझं?"

"ताई, जाऊ द्या ना आत."

"नाही, सांग तरी. कोण मेलं म्हणून हे काळं अंगावर चढवलंस?"

"क्लेटस गेला, ताई," ती म्हणाली, इतक्या सरळ की जणू मीठ संपलं म्हणून सांगत होती.

तिचं काय, मला ठाऊक होतं. पान बांधलं की रिवाजाप्रमाणे बायको मोकळी, मलैताला आपल्या माणसांत जायला वाट उघडी. माहेरची घाई झाली होती बाईला. मी हे गावभर सांगितलं आणि तिच्या तोंडावरही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी मात्र ती माझ्या चुलीपाशी यायची, रताळी सोलून द्यायची आणि मधेच विचारायची, "ताई, तो येईल असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत नाही, येणारच आहे. तुला वाटत नाही ना?"

"नाही. तो मेला."

"मग कशाला विचारतेस रोज रोज? सोल ती रताळी."

ती सोलायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची आणि पुन्हा तेच विचारायची. मला वाटायचं, मला टोचायलाच येते.

मामा बरेच दिवस गप्प होता. वाळूच्या सगळ्या शेताची देखरेख त्याच्याकडे, पण आमच्यात भाच्यांवर मामा ओरडतो तो शेवटी, आधी नाही. मग एका सकाळी पाखरं उडाल्यावर तो माझ्या कुंपणाशी आला. हातात कोवळी झावळी. मागे ज्युडिता, काळ्या कपड्यांत, रिकामी परडी घेऊन.

मी उठून उभी राहिले. "मामा, ती झावळी टोपलीला आणली असशील तर दे. दुसऱ्या कशाला आणली असशील तर चालू लाग."

मामाने तोंडातली सुपारी बाजूला केली. "सबीना, रविवारी क्लेटसच्या नावाची प्रार्थना सांगितली आहे. आज पान बांधायचं."

"जिवंत माणसाच्या वाळूवर?"

"अगं, किती दिवस?"

"न्यू गिनीला लागलेला किती दिवसांनी आला होता?"

"एक आला गं. जे आले नाहीत ते मोज ना." मग त्याने आवाज उतरवला. "आणि ही पाखरं बघ. आज पहाटे तुझ्या तुकड्यावर किती उतरली? किनाऱ्यावर एकही पान बांधलेलं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्लेटसचा तुकडा मिटला तर तेवढी तरी पिल्लं रानात जातील. मेलेल्याने एवढं करावं की नाही?"

"पाखरांसाठी माझा भाऊ मारू?"

मी बोलले ते मलाच ऐकू आलं. पण जीभ थांबली नाही. थांबली असती तर माझी कसली?

तेवढ्यात ज्युडिता पुढे आली. पान बांधण्याआधी बायकोने नवऱ्याच्या वाट्याचं एक अंडं त्याच्या वाळूतून घ्यायचं, शिजवायचं, अर्धं आपण खायचं आणि अर्धं समुद्रात सोडायचं, असा रिवाज. तेवढं झालं की मग गाठ. तिने परडी माझ्यापुढे धरली.

"एक काढून द्या, ताई. त्याच्या वाट्यातलं."

"त्याचा वाटा तो काढेल."

"एकच."

"तुला खायची एवढी घाई का गं? नवरा पचला, आता त्याचं अंडंही पचवायचंय?"

मामा ओरडला, "सबीना!" हडसनच्या कुंपणात उकरायचं थांबलं. ज्युडिताची परडी तशीच पुढे धरलेली होती, जराही हलली नाही. त्या न हलणाऱ्या परडीने माझं डोकं फिरलं.

"देते," मी म्हटलं. "थांब, देते. सगळ्यांत पहिलं ठेवलेलं देते. बघून घे कसं जपलंय. त्याच्यासाठी ठेवलेलं आहे, तो आला की ओळखेल."

मी पहिल्या काटकीपाशी गेले, ती उपटली, आडवी पडले आणि हात घातला. वाळू आत गरम असते, हात घालताना बरं वाटतं. कोपर गेलं, दंड गेला. बोटांना अंडं लागेल म्हणून मी जपून चाचपत होते. बोटांना लागलं ते बारीक, कुरकुरीत. मूठ बाहेर काढली. कवचाचे तुकडे होते, आतून कोरडे.

"घोरपडीने खाल्लं असेल," मी म्हटलं. घोरपडीने खाल्लं असतं तर वरून बीळ फुटलेलं दिसलं असतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही समजतं.

दुसरी काटकी उपटली. पुन्हा कवच. तिसरीखाली हात घातला आणि आतून कशानेतरी लाथ मारली. मी किंचाळले. माझ्या मनगटापाशी वाळू हलली, खचली, आणि एक पिल्लू वर आलं. पाय आधी, मग मळकट पिसं, मग मान. डोळ्यांवरची वाळू झटकली. आई नाही, बाप नाही, वाट दाखवायला कुणी नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुंपणाखालून सरळ रानाकडे धावत सुटलं.

आमच्या पोरांना बोलता यायच्या आधी कळतं की वाळूत अंडं दीड-दोन महिने राहतं, त्यापुढे नाही. मलाही कळत होतं. मी रोज काटकी रोवत होते, काटक्यांची रांग लांबत चाललेली बघत होते, आणि अंडी तशीच आहेत, त्याची वाट बघतायत, असं मानत होते. अंडं कुणाची वाट बघत नसतं. एवढ्या दिवसांत माणूस पाण्याशिवाय, सावलीशिवाय फळकुटावर राहील असं मी कशावरून धरून बसले होते? त्या एका पोट सुटलेल्या माणसावरून.

मी वाळूत बसले. काटकी अजून डाव्या हातात होती.

"मामा," मी म्हटलं, "क्लेटस गेला."

मामाने मान खाली घातली. मला वाटलं, चला, आता ज्युडिताच्या मनासारखं झालं. तिच्याकडे बघितलं.

परडी खाली पडली होती. तिचं तोंड उघडं होतं. मग ती माझ्या अंगावर धावून आली. माझे दोन्ही खांदे धरले, नखं रुतली.

"असं म्हणू नका," ती म्हणाली. "ताई, तुम्ही असं नाही म्हणायचं. तो गेला नाही, म्हणा. नाही म्हणा ना!"

"अगं, तूच तर पहिल्या दिवसापासून..."

"तुम्ही नाही म्हणत होता म्हणून मी म्हणत होते! रोज यायचे ती कशाला? मी म्हणायचं गेला, तुम्ही म्हणायचं येणारच आहे. तेवढं ऐकलं की मला झोप लागायची. आता तुम्हीच गेला म्हटल्यावर मी कुणाकडे जाऊ?"

आणि ती रडायला लागली. सगळे दिवस साठवलेलं रडणं. हडसन कुंपणापाशी टोपी काढून उभा होता. माहेरची घाई म्हणे. मी तिला जवळ ओढलं. तिच्या काळ्या कपड्यांना माझ्या हातांची वाळू लागली.

मामा झावळी घेऊन थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता, कारण वाळू आता माझी एकटीची होती आणि शब्दही मीच द्यायचा होता.

"बांध," मी म्हटलं. "ओंडका काढ आणि माझी बाजूही त्यात घे."

"वर्षभर तुला काही मिळणार नाही, सबीना."

"बांध म्हटलं ना. अंड्याचा रिवाज राहू दे, त्याची अंडी वाळूतच फुटू देत."

मामा पहिल्या खुंटाकडे वळला. त्याने गाठ मारायला घेतली तशी ज्युडिता माझ्या हातांतून सुटायला धडपडू लागली, "नको, आज नको, उद्या बांधा" असं ओरडू लागली. मी तिला सोडलं नाही. चारी कोपरे बांधून होईपर्यंत घट्ट धरून बसले.