पाणी किती तास येतं?

पाहणीवाली तिसऱ्यांदा आली, तेव्हा मोठ्या बाईंनी दार उघडायला मुद्दामच वेळ लावला. घाईघाईने दार उघडणारी बाई रिकामटेकडी असते असं त्यांचं मत होतं, आणि मतं तर त्यांच्याकडे घरात मावणार नाहीत इतकी होती. गळ्यातल्या दोरीला किल्ली. ती काढायची, कुलपात दोनदा फिरवायची, मग फटीतून निम्मं तोंड दाखवायचं.

हे कुलूप चार महिन्यांपूर्वीचं. आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडत नसे. एक किल्ली मुलाकडे, दुसरी मोठ्या बाईंकडे. सून सुजलेलं मनगट घेऊन बहिणीकडे निघून गेली होती. दोन दिवसांनी मुलगा तिला परत घेऊन आला आणि येताना कुलूपही घेऊन आला. सुनेला तिसरी किल्ली कशाला, असं तेव्हा मोठ्या बाईच म्हणाल्या होत्या. घरोघरी मातीच्या चुली, आपल्या चुलीचा धूर लोकांनी का बघावा?

"आजची शेवटची फेरी, बाई," पाहणीवाली म्हणाली. पोरगी काटकुळी, बूट धुळीने भरलेले, छातीशी टॅबलेट धरलेला. "आजही नाही झालं, तर तुमचं घर यादीतून जाईल."

"जाऊ दे की. आमचं काय अडलंय?"

"अख्ख्या वस्तीतली चाळीसच घरं निवडलीत. या इमारतीतलं तुमचं एकच."

मोठ्या बाईंनी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. तिथली बाई आपल्या मुलीच्या पगाराचं पालुपद जिनाभर लावत असते. तिचं घर काही निवडलं नव्हतं. "ये आत. बूट पुसून ये."

कुठल्याशा संशोधन संस्थेचं काम होतं. आजकालची कुटुंबं कशी राहतात, त्यांच्या तब्येती कशा असतात, याची पाहणी. वय वर्षं अठरा ते एकोणपन्नासच्या बाईशी बोलायचं, आणि बोलताना खोलीत तिसरं कोणी नको.

"माझ्या घरात माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे गं?"

"नियम आहे, बाई. सगळ्या घरांना तोच."

"नियम करणारे कधी सासू झालेले नसतात," असं म्हणून मोठ्या बाई स्वयंपाकघरात गेल्या खऱ्या, पण गॅसवर चहा ठेवला तेवढाच वेळ. मग पेले घेऊन आतल्या खोलीच्या दारात हजर.

"...आणि पाणी दिवसातून किती तास येतं?" पाहणीवाली विचारत होती.

"सकाळी दोन, संध्याकाळी एक," सून म्हणाली. तिची नजर जमिनीवर.

हेच ते संशोधन! मोठ्या बाई निर्धास्त होऊन परतल्या. तरी राहवेना. दहा मिनिटांनी चष्मा शोधण्याच्या निमित्ताने गेल्या. चष्मा डोक्यावरच होता, ती गोष्ट वेगळी.

"पाणी दिवसातून किती तास येतं?"

"सकाळी दोन, संध्याकाळी एक."

तिसऱ्यांदा त्या पेले उचलायला गेल्या. पेले अजून भरलेले. पाहणीवालीने टॅबलेटचा पडदा बोटाने सरकवला, घसा खाकरला आणि म्हणाली, "पाणी दिवसातून किती तास..."

"या तासाभरात तर आलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फिरल्या.

शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती, पण अक्कल काही शाळेच्या फळ्यावर ठेवून आल्या नव्हत्या. इथे पाणी येत नव्हतं, मुरत होतं. आपण दारात आलो की प्रश्न बदलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. चपला वाजवत त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, तिथे चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी परत येऊन दाराआडच्या भिंतीला टेकल्या.

आत आवाज खाली आला होता.

"गेल्या बारा महिन्यांत नवऱ्याने ढकललं, हात पिरगळला, केस ओढले, असं झालं?"

"हो."

"कितीदा?"

"मोजलं नाही."

"घराबाहेर जायचं झालं तर एकटीला जाता येतं?"

"नाही. कुलूप असतं."

"किल्ली कोणाकडे?"

"आईंकडे."

मोठ्या बाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला. किल्ली अंगाला लागून गरम झाली होती.

"सासूबाईंनी कधी हात उचलला?"

"नाही नाही," सून घाईने म्हणाली. सासूची बाजू घ्यायची वेळ आल्यासारखी. "त्या कधीच नाही. त्या फक्त टीव्ही मोठा करतात."

"म्हणजे?"

"ते सुरू झालं की त्या बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही मोठा करतात. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून."

आत नुसती टॅबलेटवरची टकटक. बहुधा या उत्तराला चौकट नसावी.

मोठ्या बाईंना वाटलं, आत्ता आत जावं आणि या पोरीला सांगावं की मी आले या घरात तेव्हा टीव्ही नव्हता. माझी सासू नळ मोठा सोडायची. बादली भरून वाहायची, मोरी तुंबायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच सासू माझ्या पाठीला तेल लावायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचार. जीव धरून राहिले, पोरगा मोठा केला. राजा म्हणून वाढवला आणि राजाच झाला, चार भिंतींपुरता.

त्या आत गेल्याच. पाहणीवालीचं बोट झटकन सरकलं. "पाणी दिवसा..."

"पुरे कर गं ते पाणी. मला विचार."

"काय विचारू?"

"हिला जे विचारतेस तेच. ढकललं का, पिरगळला का."

सुनेने ओठ दाताखाली धरला. पाहणीवाली हळूच म्हणाली, "बाई, तुमचं वय?"

"त्रेसष्ट."

"आमच्या नमुन्यात एकोणपन्नासपर्यंतच घेतात."

"का? पन्नाशीनंतर काय हाडं लाकडाची होतात?"

पाहणीवाली बिचारीने टॅबलेटकडे पाहिलं, जणू उत्तर त्यात असेल. तेवढ्यात बाहेरच्या दाराचं कुलूप एकदा फिरलं, दोनदा फिरलं.

मोठ्या बाईंना तेव्हा फोन आठवला. मुलगा दोन गल्ल्या पलीकडच्या गोदामात देखरेखीला होता आणि दर तासाला आईला फोन करून घर जागेवर आहे का ते विचारायचा. फोन स्वयंपाकघरात होता आणि त्या होत्या भिंतीआड. सून भिंतीसारखी पांढरी पडली. त्याला नुसता वास लागला की आत काय बोलणं झालं, तर आजची संध्याकाळ तिच्या हाडांवर निघणार, हे तिघींनाही कळत होतं.

"कोण आलंय? फोन का नाही उचलत तू?" तो दारात उभा.

"ओरडतोस काय? पाण्याची पाहणी आलीय," मोठ्या बाई म्हणाल्या. "कधीची विचारतेय, दिवसातून किती तास येतं? ही तुझी बायको सांगते तीन तास. मी म्हणते, धार बघ ना, करंगळीएवढी. ते काय तीन तास झाले? तूच सांग आता, पुरुष माणूस आहेस."

"दाखवा बघू," त्याने हात पुढे केला. पाहणीवालीने पडदा त्याच्याकडे वळवला. नळ, टाकी, गाळणी, उकळणे.

मग काय विचारता! आयुष्यात कोणी मत विचारलं नव्हतं त्याला. खुर्ची ओढून बसला. गच्चीवरची टाकी, तिच्यातला गाळ, वरच्या मजल्यावरच्यांची चोरून लावलेली मोटर. पाहणीवाली निमूटपणे टिपत राहिली. सून उभी होती तिथेच उभी. मोठ्या बाई मध्येमध्ये "आणि वास? वासाचं सांग ना!" असं म्हणत त्याला वारा घालत राहिल्या.

उठताना पाहणीवालीने एक पत्रक काढलं. वर नळाचं चित्र. ते तिने मोठ्या बाईंच्या हातात दिलं, आणि देताना तळाच्या बारीक आकड्यांवर अंगठा दाबला. "पाण्याची काहीही तक्रार असली तर हा नंबर. दिवसरात्र कोणीतरी असतं."

"पाण्याला दिवसरात्र माणूस!" मुलगा हसला. "आमच्या नळाला सांगा जरा." हसता हसताच आईकडे वळला. "किल्ली दे."

"कुठली?"

"गळ्यातली. फोन उचलत नाहीस, कोणालाही आत घेतेस. वय झालं आता तुझं."

"अरे, पण मला खाली जायचं झालं तर?"

"मला सांग. मी आलो की जाऊ." त्याने स्वतःच दोरी आईच्या डोक्यावरून ओढून काढली. जाताना बायकोकडे पाहिलं. "संध्याकाळी बोलू."

पाहणीवाली त्याच्या पुढून बाहेर पडली. कुलूप बाहेरून एकदा फिरलं, दोनदा फिरलं.

दोघी तशाच उभ्या. मोठ्या बाईंच्या मानेवर दोरीचा वळ उठला होता, त्यावरून त्यांचा हात फिरत होता. सुनेने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नजर टाकली, कोठडीत नवीन आलेल्या कैद्याकडे जुना कैदी बघतो तशी. त्यांना ती झोंबली. पण खोटी नव्हती.

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि टीव्ही लावला. आवाज वाढवला, अजून वाढवला. सून बिचकून भिंतीशी सरकली. अंगाला सवयच ती, हा आवाज म्हणजे काय ते माहीत असलेल्या अंगाला.

"भिऊ नकोस," मोठ्या बाई परत येऊन म्हणाल्या. स्वतःचा फोन आणि पत्रक त्यांनी तिच्या हातात कोंबलं. "लाव. शेजारी ऐकू जाणार नाही. झालं की नंबर फोनमधून पुसून टाक, तुला येतं ते. पुढचा तास भरायच्या आत बोलून घे."

सुनेची बोटं आकड्यांवरून गेली. पलीकडे घंटा वाजू लागली. एकदा. दोनदा. शेजारीण भिंतीवर थापा मारायला लागली, काय तो टीव्ही म्हणून.

"मार थापा," मोठ्या बाई भिंतीला म्हणाल्या. मग सुनेच्या कानाशी वाकल्या.

"आणि हे बघ, तुझं झालं की विचार त्यांना. तिकडे वयाची अट आहे का?"