पाणी प्यायलेली होडी

एकोणीसशे चौतीसच्या माघात नाशिकच्या देवराम सुतारांच्या अंगणात एक मोडकी शिडाची होडी येऊन पडली आणि त्या दिवसापासून त्यांच्या बायकोला, अक्काबाईंना पापड वाळत घालायला जागा उरली नाही. होडी खंडेराव वकिलांची. देवळालीचा कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना ती त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. पाच वर्षं ती छपराखाली पडून होती. मुंबईच्या कारागिराने बघून सांगितलं, बंब पेटवायला बरी आहे. देवरामांनी मात्र फळीला कान लावला, बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड जित्तं हाय. मी करतो."

वकील हसले. "मिस्त्री, तुम्ही गाडीची चाकं करता. होडी कधी केली आहे का?"

"नाय. पण ही पाण्यात चालली नाय, तर या तासायच्या वाकसाला पुन्हा हात लावणार नाय."

अक्काबाई दारातून ऐकत होत्या. नवरा असं का बोलला ते त्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याची नजर गेली, असं कुणीतरी उठवलं होतं आणि वर्षभर गाडीवाले त्यांच्या मुलाला, यादवलाच हाक मारत होते. ओट्यावर बसलेल्या मिस्त्रींना ओलांडून लोक आत जात.

तीन महिने अंगणात भुसा उडाला. कुजक्या सात फळ्या निघाल्या, सुरगाण्याकडचं सागवान आलं. छावणीत तंबू शिवणाऱ्या रहेमानने जाड कापडाचं शीड शिवून दिलं. नवी डोलकाठी भिंतीशी आडवी टांगली होती, तिच्यावर अक्काबाई लुगडी वाळत घालू लागल्या. मिस्त्री करवादले, पण दुसरी दोरी काही बांधून दिली नाही.

वैशाखाच्या उन्हाने फळ्या आकसल्या आणि त्यांच्यामध्ये भेगा पडल्या. देवरामांनी तेलात भिजवलेल्या सुताच्या वाती त्यांत हलक्या हाताने बसवल्या. तरी कुठे कुठे फटीतून पलीकडची तुळस दिसत होती. यादवला राहवेना. बाप जेवायला बसल्याचं बघून त्याने बाभळीच्या पातळ फाचरी ठोकून सगळ्या भेगा गच्च केल्या. बापाची लाज राखावी, एवढंच त्या बिचाऱ्याच्या मनात होतं. देवराम आचवून आले, होडीवरून हात फिरवला आणि एकेक फाचर उपटून फेकली.

"बाबा, पाणी शिरंल!"

"शिरू दे."

हा माणूस हट्टाला पेटला की अक्काबाईसुद्धा त्याच्या नादी लागत नसत.

होडी त्याच गाडीवाल्यांपैकी मंगळूच्या बैलगाडीतून दारणा धरणावर नेली. वकील पाहुणे घेऊन आले होते, घोटीकडची माणसंही गंमत बघायला जमली. होडी पाण्यात ढकलली मात्र, भेगाभेगांतून पाणी आत आलं आणि बघता बघता ती काठोकाठ भरली. मंगळू पोट धरून हसला. "मिस्त्री, होडी केली का चाळण?" वकिलांनी पाहुण्यांकडे पाठ फिरवली. यादवची मान खाली गेली.

देवराम कमरेइतक्या पाण्यात उभे होते. "दगड आण," ते यादवला म्हणाले.

"कशाला?"

"पुरी बुडव तिला."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अक्काबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र चाळीस उन्हाळे उभे राहिले. उन्हाने खिळखिळी झालेली चाकं मिस्त्री गोदावरीच्या डोहात बुडवून ठेवायचे. लाकूड पाणी पिऊन फुगलं की जो आरा हाताने हलायचा तो घणानेही हलत नसे. होडीत फाचरी राहिल्या असत्या, तर फुगलेल्या फळ्या फाटल्याच असत्या! त्यांनी कासोटा खोचला आणि पहिला दगड स्वतः उचलला.

लोक पांगले. वकिलांनी निरोप धाडला, निदान शीड तरी परत पाठवा. नवराबायको आणि मुलगा तीन दिवस काठावरच्या करंजाखाली राहिले. दुसऱ्या दिवशी देवरामांनी वाकस पिशवीतून बाहेर काढला नाही, तिकडे बघितलंही नाही. पंचेचाळीस वर्षं चाललेला हात आता कायमचा थांबणार की काय, या विचाराने अक्काबाईंना भाकरी गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी दगड काढले, घमेल्यांनी पाणी उपसलं. होडी वर आली. अक्काबाईंनी आतला तळ पदराने कोरडा पुसला आणि त्यावर तळहात ठेवून बसल्या. दोन भाकऱ्या होतील इतका वेळ गेला. हात कोरडाच! भेगेत नखसुद्धा शिरत नव्हतं. त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं.

वकील निरोप मिळताच धावत आले. शीड वर चढलं, फुगलं आणि होडी देवरामांना नि वकिलांना घेऊन पाणी कापत निघाली.

ती परत न्यावी लागेल म्हणून गाडी घेऊन आलेला मंगळू काठावर उभा होता. जरा वेळाने तो यादवजवळ सरकला. "माझ्या डाव्या चाकाचा आरा हलतोय रे. बघतोस का?"

यादवने होडीवरची नजर काढली नाही. "मला काय इचारतो? मिस्त्री तिकडं पाण्यात हायेत. त्यांना दाखव."

अक्काबाईंनी पदर सावरला, मंगळूला करंजाखालची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "बस तिथं. येळ लागंल. आमच्या माणसाचं काम घाईचं नसतं."