केसरबाईचा दिवा

काडी ओढली, वातीला लावली आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अव माय! करुणाबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

फाटकात रजनी उभी होती. आमच्या सौसरच्या ख्रिस्ती मंडळीतली, दर रविवारी उपासनेत माझ्या शेजारी बसून गाणारी. हातात करंज्यांचा डबा. आणि मी शेजारणीच्या अंगणात, तुळशीपुढे वाकलेली, डोक्यावर पदर, हातात काडेपेटी. यायला हिला हीच वेळ सापडली.

"दिवा लावून राहिली," मी म्हटलं. दिसतच होतं म्हणा.

"तुळशीले?"

"केसरबाईच्या तुळशीले. तिच्या हातानं होत नाही."

ओसरीत बाजेवर पडलेली केसरबाई अर्ध्या तोंडानं हसली. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, जीभ मात्र होती तशीच राहिली. "बस वो बाई, उभी काऊन? तुमची करुणा माह्या तुळशीले बाटवून नाही राहिली. भिऊ नको."

रजनी बसली नाही. डबा माझ्या हातात दिला, "नाताळच्या आधीच्या शनिवारी कॅरोलवाले तुमच्याकडं येतीन, तेच सांगाले आलती," म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली. जाताना एकदा दिव्याकडे वळून पाहिलं.

पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर माझं एकटीचं. नवरा अरविंद रेल्वेत, तिगावच्या गँगमध्ये होता. मी एका नर्सिंग होममध्ये आया होते, आता घरीच असते. मुलगा हर्षल पुण्याला. फोन करतो, "आई, बरी आहेस ना?" विचारतो आणि मी उत्तर द्यायच्या आधीच "बरं" म्हणून ठेवतो. वाईट नाही पोरगा, घाईत असतो.

अरविंद गेला तेव्हा कबरीपाशी गायला कोणी नव्हतं. नागपूरहून चर्चचे पाळक आले, प्रार्थना करून निघून गेले. गल्लीतली माणसं हात कुठे ठेवावेत ते न कळून नुसती उभी राहिली. कवडूभाऊ, केसरबाईचा नवरा, तेव्हा हयात होता, त्यानं बिचाऱ्यानं येताना उदबत्ती आणली होती, ती खिशातच ठेवली. तेव्हापासून मला एकच धास्ती होती, की आपल्या वेळी तेवढंही होणार नाही.

म्हणून सौसरला मंडळी सुरू झाली, भाड्याच्या खोलीत का होईना, तेव्हा मी दर रविवारी बस धरून जाऊ लागले. मागच्या नाताळात ते सगळे माझ्याकडे कॅरोल घेऊन आले. माझ्या दारात एवढ्या चपला मी अरविंदच्या मयतीनंतर पहिल्यांदाच पाहिल्या. गाणं सुरू झालं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चहा उतू गेला.

आता हे सगळं त्या एका काडीवर येऊन ठेपलं होतं.

रविवारी उपासना झाल्यावर भूपेंद्र पास्टरनी मला थांबवून घेतलं. तरुण माणूस, छिंदवाड्याचा. मी तापानं पडले होते तेव्हा हाच भर पावसात मोटारसायकलवर औषध घेऊन आला होता. त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

"करुणाबाई, रजनीबहननं सांगितलं. सच आहे का?"

"आहे."

"दिवा लावणं मतलब पूजाच झाली ना?"

"मी हात नाही जोडत, पास्टर. वात लावतो अन् घरी जातो. पूजा तिची आहे. ती बाजेवरून करते."

"पण पाहणाऱ्याले काय दिसते? आपण इथं मूठभर लोक आहोत. खरा ख्रिस्ती त्याच्या वागण्यावरूनच ओळखू येते ना? आज दिवा, उद्या आरती. नवीन विश्वासी विचारतीन, करुणाबाईले चालते तर आम्हाले काऊन नाही?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"त्यायच्या घरी दुसरं कोणी नाही का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पोरगा वैभव बोरगावच्या कंपनीत पाळीला जातो. सून प्रणाली हंगामात संत्र्यांच्या पॅकिंगला जाते, तिला यायला अंधार पडतो. केसरबाईला तर दिवेलागणीलाच दिवा पाहिजे. अंधार पडल्यावर लावला तर तो दिवा नव्हे, बल्ब झाला, असं ती म्हणते.

पास्टर हसले नाहीत. "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, प्रभूच्या आठवणीची भाकर वाटाची आहे. तोवर हे बंद करा. मी तुमच्यासाठी प्रार्थना करून राहिलो," म्हणाले. डोळे ओले होते त्यांचे.

सोमवारी मी गेले नाही.

दार लावून पवित्र शास्त्र, बायबल, उघडून बसले. भिंतीपलीकडून हाक आली, "करुणा, सूर्य बुडला न वो!" मी ओ दिली नाही. आणखी एकदा आली. मग खसखस, खसखस असं काहीतरी ऐकू येत राहिलं. मी पान उलटलं, पण वाचलं काहीच नाही. वाचणार काय! मोतीबिंदूनं मला दिसत नव्हतं, अरविंदला जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा हेच पुस्तक केसरबाई मला रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. चौथी शिकलेली बाई. बोट ठेवून ठेवून वाचायची. लांबलचक नावं आली की "हा एक कोणीतरी" म्हणून पुढे जायची. देवालासुद्धा हसू आलं असेल. माझं ऑपरेशन होईपर्यंत एक दिवस चुकली नाही. तिला कोणी विचारलं नाही, की बाई, तू खरी हिंदू आहेस ना?

सकाळी प्रणालीनं भिंतीवरून डोकावून म्हटलं, "मावशी, पाहा ना वो, आमच्या बुढीनं काल खाटेवर नुसत्या काड्याच काड्या करून ठेवल्या."

मी गेले. बाजेखाली काड्या सांडल्या होत्या. काही मोडलेल्या, काहींचं टोक घासून घासून पांढरं झालेलं. काडेपेटी उशाशी होती आणि तिच्या कडेला दातांचे वण होते. पेटी दातांत धरून डाव्या हातानं ओढत बसली होती ही. आणि पेटली असती तरी तुळशीपर्यंत जाणार होती कशी? कूस बदलायलाही तिला माणूस लागतो.

"पेटली असती तं रस्त्यावरच्या कोणाले हाक मारली असती," केसरबाई म्हणाली. "काल तुले ताप गिप आला का?"

"डोकं दुखत होतं."

"मंग ठीक आहे." तिनं डाव्या हातानं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुमच्या लोकायनं मना केलं असन तं नको येत जाऊ वो. मी तुळशीले सांगीन समजावून."

मी खाली बसून काड्या वेचू लागले. लाज वाटली. असली लाज की मान वर करवेना. हिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. मंगळवार, बुधवार, सगळा आठवडा लावला.

रविवारी सौसरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी एकच प्रार्थना करत होते. प्रभू, मी चुकत असेन तर मला सांग. पण दिवेलागणीच्या आधी सांग, नंतर सांगून उपयोग नाही. लोधीखेड्याला जाणारी एक बाई माझ्याकडे पाहत होती. बहुतेक मी मोठ्यानं बोलले असेन.

उपासना सुरू व्हायच्या आधी मी पास्टरना गाठलं. "बंद नाही झालं माझ्याच्यानं. होणारही नाही. ती आहे तोवर मी लावीन."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "मग मी तुम्हाले भाकर नाही देऊ शकत, करुणाबाई. देल्ली तर बाकीच्यायले काय सांगू?"

"नका देऊ. बसू तर देसान ना?"

"बसा ना. असं काय बोलता?"

बसले. भाकरीचं ताट माझ्या रांगेत आलं. सगळ्यांनी डोळे मिटले होते, पण मला माहीत आहे, सगळे बघत होते. मी ताट हातात घेतलं आणि तसंच रजनीकडे दिलं. "मी काऊन बोलली वो!" ती हळूच पुटपुटली. मी तिच्या मांडीवर थोपटलं. तिनं जे पाहिलं ते सांगितलं, तिचा काय गुन्हा? जाताना मात्र ती खाली बघत म्हणाली, "शनिवारचं... कॅरोल यंदा सौसरमध्येच फिरन म्हणते."

"बरं," मी म्हटलं. अगदी हर्षलसारखं.

परतीच्या बसमध्ये मला एवढं एकटं वाटलं की अरविंद गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान देवाशी भांडता येत होतं. आता भांडायचं कोणाशी? कोणीच चुकीचं नव्हतं.

शनिवार आला. मी करंज्या केल्या होत्या, मागच्या वर्षीसारख्याच, पंचवीस माणसांना पुरतील एवढ्या. दिवेलागणीला केसरबाईकडे गेले. वैभव-प्रणाली यायचे होते. तेल घातलं, वात लावली आणि उठले.

"यंदा चांदणी नाही लावली?" केसरबाईनं विचारलं.

अरविंदनं कामट्यांची, लाल कागदाची चांदणी केली होती. दर नाताळात ओट्यावर टांगायची. मागच्या वर्षी तिच्यावरूनच कॅरोलवाल्यांना माझं घर ओळखू आलं होतं.

"कोणासाठी लावू? कोणी येऊन नाही राहिलं यंदा."

"काऊन? मी आहे ना." तिनं डाव्या हातानं दाखवलं. "मले इथून दोनच गोष्टी दिसतात. हे तुळस अन् तुया ओटा. लाव वो, फालतू नखरे करू नको."

मी घरी गेले. माळ्यावरून चांदणी काढली. एक कोपरा उंदरानं कुरतडला होता, तिथे वर्तमानपत्र चिकटवलं. ओट्यावर टांगली, आत दिवा सोडला आणि परत तिच्या अंगणात येऊन पाहिलं. कुरतडलेला कोपरा इथून दिसत नव्हता.

"आता गाणं म्हण. मागच्या साली ते पोट्टे म्हणत होते, ते."

"एकटीनं?"

"मंग का मी म्हणू?"

मी तुळशीजवळ उभी राहून गायला लागले. त्या गाण्यात एक ओळ बायकांची, एक पुरुषांची आहे. बायकांची ओळ म्हणून मी सवयीनं थांबले. कोणी उचलली नाही. मग पुरुषांची ओळही मीच म्हटली, आवाज फाटला तरी म्हटली. केसरबाई डोळे मिटून बाजेच्या दांड्यावर डाव्या हातानं ताल धरत होती. ताल चुकत होता. मी तिच्या तालावर गात राहिले.

गाणं संपल्यावर तिनं डोळे उघडले. "झालं? आनखीन एक म्हण."

मी फाटकाकडे पाहिलं. तिथे चपलांचा एकच जोड होता, माझा. मी दुसरं गाणं सुरू केलं.