सातव्या प्रकरणातल्या सरलाबाई

मुकुंद दातारांची उभी हयात सुरतेतल्या एका मराठी दैनिकात बातमीदारीत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी बातमीत न मावलेली माणसं पुस्तकात आणली. सातवं प्रकरण सुरतेतल्याच नवागामच्या, मूळच्या खानदेशी सरलाबाईंचं होतं. त्यांचा नवरा सुकलाल सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये बॉयलर फुटून गेला आणि मिलने तो आपला कामगारच नव्हे म्हणून हात वर केले. मुकुंदरावांनी मिलचं नाव टाळलं. बाईंचं मात्र घातलं, कारण त्याच म्हणाल्या होत्या, "मन्हं नाव लिखा भाऊ. आते कोनले भ्यावानं?"

पुस्तक आलं आणि थोड्याच दिवसांत सरलाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा लखन सचिनलाच दुसऱ्या मिलमध्ये होता. ठेकेदाराने त्याला गेटवरूनच परत पाठवलं होतं. "तेरी माँ किताब में आती है ना? वहीं काम माँग," असं म्हणाला.

"तुम्ही लिखं ते खरंच शे," बाई म्हणाल्या. "पन मन्हा पोऱ्याना कामनं काय?"

मुकुंदराव लखनला घेऊन त्याच्या मिलवर गेले. पूर्वी पेपरचं नाव सांगितलं की गेट उघडायचं. आता वॉचमनने उन्हात थांबवलं आणि शेवटी मॅनेजरला फोन जोडून दिला.

"कई चोपडी, काका? अमने खबर नथी." कुठलं पुस्तक, ते आपल्याला ठाऊकच नाही; मंदी आहे, माणसं कमी केली, असं त्याने गोड आवाजात सांगितलं.

तिथूनच त्यांनी धर्मेंद्रला फोन लावला. त्यांच्या हाताखाली शिकलेला तो पोरगा आता त्याच दैनिकाचा संपादक होता.

"सर, छापतो. पण ठेकेदार तोंडी बोलला. पुरावा काय? पुराव्याशिवाय ओळ जाऊ द्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

मुकुंदरावांनी फोन खिशात ठेवला. लखन शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता.

दुसऱ्या मिलांनीही त्याला घेतलं नाही. दिवाळीआधी मायलेक शिरपूरला लखनच्या मामाकडे निघाले. सरलाबाई लखनला घेऊन निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मुकुंदरावांच्या पत्नी उज्ज्वलाताईंनी चहा ठेवला.

"भाऊ, बठ्ठा लोकेस्नी वाचं का पुस्तक?"

"नाही हो. फारसं कोणी घेतलंच नाही."

"मंग त्या ठेकेदारले कसं सापडनं?"

बाईंनी चहा संपवून कप स्वतः विसळून ठेवला. खाली टेम्पो थांबला होता. मुकुंदरावांनी त्यांचं गाठोडं उचलायला हात पुढे केला. लखनने ते आधीच उचललं होतं.